पोटमाळ्यावर उंदरांनी घर केलंय आणि गणपती सतरा दिवसांवर आलेत. काय करावं?

खारकरआळीकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमचं घर ठाण्यात खारकर आळीत. तळमजला, वर एक मजला आणि त्यावर मंगलोरी कौलांखाली पोटमाळा. वर जायला शिडी लावावी लागते, त्यामुळे वर्षातून दोनदाच कुणी चढतं, गणपतीआधी मखर उतरवायला आणि अनंत चतुर्दशीनंतर परत ठेवायला.

महिनाभर रात्री अकरानंतर वर खुडबुड ऐकू येत होती. मांजर असेल म्हणून सोडून दिलं. गेल्या आठवड्यात आईच्या पलंगावर वरून भुसा पडायला लागला, तेव्हा काल टॉर्च घेऊन चढलो. मखराचे पुठ्ठे एका कोपऱ्यातून खाल्लेले आणि त्यामागे गोधड्यांचं गाठोडं. सगळ्यात वरची गोधडी आजीच्या दोन नऊवारींची, माझ्या बारशाच्या वेळी आईने शिवलेली. तिला मुठीएवढं भोक. हात घालणार तेवढ्यात आत काहीतरी हललं. उजेड धरला तर चिंध्या, कापूस आणि जुन्या दिनदर्शिकेचे कपटे यांची गोल वाटी केलेली आणि तिच्यात सहा पिल्लं. भुईमुगाच्या दाण्याएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली. कातडी इतकी पातळ की पोटातलं दूध पांढऱ्या ठिपक्यासारखं बाहेरून दिसत होतं. गाठोडं होतं तसं ठेवून खाली आलो.

आईचं म्हणणं, गणपतीच्या तोंडावर घरात विष घालायचं नाही. बायकोचं म्हणणं, पोर अडीच वर्षांची आहे, वरून काहीही पडलं तर आधी तोंडात घालेल. पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला, म्हणाला वर्षाचं कंत्राट करा, औषध ठेवून जातो. उंदीर येतात कुठून ते त्याने बघितलंही नाही. शेजारची इमारत पुनर्विकासासाठी पाडली, तेव्हापासून हे सुरू झालंय असा माझा अंदाज.

तुम्ही काय केलं असतं? पिल्लांचं काय करावं तेही सांगा. मला काल रात्रभर झोप नाही.

सुगरण_नेरूळ
आधी लेंड्या बघा. तांदळाच्या दाण्याएवढ्या आणि टोकाला निमुळत्या असतील तर घरातला लहान उंदीर. अर्ध्या इंचाच्या असतील तर कौलांवरून धावणारा मोठा काळा उंदीर, ज्याचं शेपूट अंगापेक्षा लांब असतं. दोघांना सापळे वेगळे आणि बुजवायच्या फटीही वेगळ्या. पिल्लं दाण्याएवढी म्हणताय म्हणजे लहानच असावेत.

आमचं सिडकोचं रो हाऊस. स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर पापड-कुरडयांचे डबे असतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी उघडले तर प्लॅस्टिकच्या तिन्ही डब्यांच्या कडा कुरतडलेल्या, कुरडयांचा चुरा. पिंजरा लावला, पाच पकडले, पुन्हा आले. शेवटी नवऱ्याने ओट्याखालचा कप्पा रिकामा केला तेव्हा सापडलं. पाइप गॅस घेतला तेव्हा भिंतीला पाडलेलं भोक पाइपच्या भोवती उघडंच राहिलं होतं. माझं बोटही जात नव्हतं त्यातून! ते बुजवलं आणि उंदीर बंद झाले. तेव्हापासून माळ्यावर फक्त स्टीलचे डबे.

टिटवी
चिकट पुठ्ठा आणा, दुकानात मिळतो. रात्री ठेवा, सकाळी गुंडाळून टाकून द्या. विष नाही, वास नाही. आम्ही कोपरखैरण्यात हेच करतो.

निशिगंधा
टिटवी, रागावू नका, पण चिकट पुठ्ठा कुणीच वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते. पुठ्ठ्याला चिकटलेली चिमणी आणि दोनदा पाली घेऊन लोक आलेत. उंदीर त्यावर लगेच मरत नाही. सुटायच्या धडपडीत कातडी सोलवटते, तहानेने आणि भीतीने तास न् तास जीव जातो, आणि बहुतेक लोक तो जिवंतच कचऱ्यात टाकतात. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही या पुठ्ठ्यांविरुद्ध राज्यांना लिहिलंय आणि बऱ्याच राज्यांनी ते बंद केलेत. मारायचंच असेल तर मान मोडणारा स्प्रिंगचा सापळा त्याच्यापेक्षा कितीतरी बरा, क्षणात संपतं.

खारकरआळीकर, पिल्लांबद्दल. अंगावर लव नाही म्हणजे आठवड्याच्या आतली आहेत. डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, आईचं दूध तीन आठवड्यांनी सुटतं. म्हणजे वाट बघायची म्हटली तर गणपती येऊन जातील. त्यातून उंदरीण पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, एकोणीस ते एकवीस दिवसांत पुढची वीण तयार. थांबणं परवडणारं नाही, हे मनाला पटवून घ्या.

टिटवी
चिमणीचं माहीत नव्हतं. घरात दोन पुठ्ठे शिल्लक आहेत, ते टाकते.

घणसोलीचा_दादूस
विषाचं मी सांगतो, भोगलंय म्हणून. आमच्या हॉलला वरून प्लास्टरचं खोटं छत केलेलं. आत उंदीर शिरले, मी वड्या आणून टाकल्या. "औषध खाऊन उंदीर पाणी प्यायला बाहेर जातो आणि बाहेरच मरतो" असं दुकानदार म्हणाला होता. तो छताच्या आत मरून पडला, बरोबर टीव्हीच्या वर. तिसऱ्या दिवशी वास सुटला तो बारा दिवस. माशा झाल्या. शेवटी छत दोन ठिकाणी कापून काढला. उंदराची भीती परवडली पण ते बारा दिवस नको. पोटमाळ्याला लाकडी तक्तपोशी असेल तर तुमचंही तेच होईल.

स्टेथोस्कोप
दादूसने लिहिलेलं खरं आहे. औषध खाऊन उंदीर बाहेरच जाऊन मरतो ही नुसती समजूत आहे. ज्याच्या आसऱ्याला असतो तिथेच बहुतेक वेळा मरतो.

मी डॉक्टर आहे आणि घरात अडीच वर्षांचं मूल आहे हे वाचून लिहितोय. बाजारात मिळणारी उंदराची औषधं सगळी एकसारखी नसतात. ब्रोमाडायोलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत. मुलाने खाल्ल्या तर धोका मोठा, पण व्हिटॅमिन के वन हा त्यावर उतारा आहे. झिंक फॉस्फाइडच्या काळ्या भुकटीला उतारा नाही, पोटात गेल्यावर तिच्यातून विषारी वायू तयार होतो. पिवळ्या फॉस्फरसची ट्यूबमधली पेस्ट सगळ्यात भयंकर. पहिला दिवस-दोन दिवस माणूस ठीक वाटतो, घरचे निर्धास्त होतात आणि मग यकृत निकामी व्हायला लागतं. तिलाही उतारा नाही. पावाला लावलेली पेस्ट लहान मुलाने चाटली अशी केस मी स्वतः पाहिली आहे. पुढचं लिहीत नाही. कुणाच्या घरात असली ट्यूब पडून असेल तर आजच काढून टाका. आणि कुणी चुकून खाल्लंच तर उलटी काढत बसू नका, वेष्टण हातात घ्या आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. कोणतं विष ते वेष्टणावरूनच कळतं.

दुसरं, पोटमाळा साफ करताना केरसुणी लावू नका. वाळलेल्या लेंड्या आणि मूत झाडलं की धूळ होऊन नाकात जातं. आधी अर्धा तास झरोका उघडा ठेवा. हातमोजे, मास्क. ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे दहा भाग असं मिश्रण लेंड्यांवर फवारा, पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग कागदाने पुसून पिशवीत बांधा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) पसरतो हे मुंबई-ठाण्यात वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ च्या पुरानंतरची साथ अनेकांना आठवत असेल. पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून चालला असाल आणि नंतर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही दिसलं तर अंगावर काढू नका. गोळ्याही मनाने घेऊ नका.

तलावपाळी
डॉक्टरांचं वाचून आजी आठवली. माझं वय ७४. आजी सांगायची, तिच्या लहानपणी "उंदीर पडला" हे शब्द ऐकले की बायका चूल विझवून गाठोडी बांधायला घ्यायच्या. घरात मेलेला उंदीर दिसणं म्हणजे प्लेग दाराशी आल्याची खूण. माणसं घरं सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जायची.

मुंबईत प्लेग आला १८९६ मध्ये, मांडवी भागात. धान्याची गोदामं तिथेच. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची संस्था त्यांच्याच नावाची. गंमत अशी की उंदरावरून माणसाकडे रोग जातो कसा हे तेव्हा कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून पिसू दाखवून दिली. उंदीर मेला, अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात. आजीच्या आईला पिसू माहीत नव्हती, पण मेल्या उंदराजवळ थांबायचं नाही एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

ऐरोली_सेक्टर_आठ
काका, माहिती छान, पण धागा पोटमाळ्याचा आहे.

स्टेथोस्कोप
काकांचं विषयाला धरूनच आहे. मेलेला उंदीर शेपटीने उचलून खिडकीतून फेकू नका. पिशवी हातावर उलटी घालून उचला, गाठ मारा, दुसऱ्या पिशवीत घाला. आणि कुणी औषध घातलेलं नसताना एकाच भागात बरेच उंदीर मेलेले दिसायला लागले तर पालिकेच्या आरोग्य खात्याला कळवा. सुरतेच्या १९९४ च्या प्लेगची आठवण फार जुनी नाही.

गवंडीकाम
मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेतो. नौपाडा, चरई, उथळसर या भागांत कौलारू घरं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत, त्यातली बरीच आतून पाहिलेली आहेत. जरा सविस्तर लिहितो.

उंदीर पकडणं हे अर्धंच काम. वाट उघडी असेल तर तुम्ही पकडत राहाल आणि ते येत राहतील. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते, पाव इंच. मोठ्याला अंगठ्याएवढी. डोकं गेलं की अंग जातं.

दुपारी बारा-एकच्या सुमाराला पोटमाळ्यावर चढा, झरोका झाका, दिवा बंद करा आणि पाच मिनिटं नुसते बसा. डोळे सरावले की जिथून उजेडाची रेघ येते ती प्रत्येक फट दिसेल. खडूने खूण करत जा. आमच्या कामात पहिला दिवस असाच जातो. कौलारू घरात जागा ठरलेल्या असतात. वळचणीला वासे भिंतीवर टेकतात तिथे दोन वाशांमधली पोकळी. आढ्यावरच्या कौलांचा चुना सुटलेला असतो ती जागा. सरकलेलं किंवा फुटलेलं कौल. भिंतीतून जाणारा पाइप, टीव्हीची आणि इंटरनेटची केबल. शेजारची इमारत पाडली म्हणताय तर त्या बाजूची भिंत बारकाईने बघा, हादऱ्याने प्लास्टर सुटलं असणार.

वाट चालू आहे की जुनी, हे ओळखायला भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबा. सकाळी बाहेर ढकललेला दिसला तर चालू. नेहमीच्या वाटेवर वाशाला तेलकट काळपट पट्टाही दिसतो, अंग घासून घासून आलेला.

बुजवायला नुसता फोम मारू नका. फोम, थर्माकोल, लाकडाची पट्टी सगळं कुरतडतात. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला त्यांना काहीतरी लागतंच. गंज न लागणारी स्टीलची घासणी भोकात घट्ट कोंबा आणि वरून सिमेंट. आमचे जुने गवंडी सिमेंटमध्ये काचेचा चुरा घालायचे, तेही चालतं, फक्त हात सांभाळा. वळचणीला पाव इंची जाळी, वाऱ्याला वाट राहील अशी. कौलांखाली हवा खेळती नसेल तर वासे कुजतात, म्हणून तिथे पक्कं सिमेंट भरू नका.

आणि सगळं एकदम बंद करू नका. एक वाट सोडून बाकीच्या बंद करा आणि पिंजरा त्या वाटेवर लावा.

खारकरआळीकर
गवंडीकाम, तुम्ही सांगितलं तसं आज दुपारी अंधार करून बसलो. अकरा खुणा झाल्या. दोन-तीन असतील अशा समजुतीत होतो! शेजारच्या इमारतीच्या बाजूला आढ्यालगतची तीन कौलं सरकलेली, त्यांच्याखालच्या वाशाला तुम्ही म्हणता तसा काळा पट्टा. लेंड्या तांदळाएवढ्या, सुगरणताई, तुमचा अंदाज बरोबर.

आणि एक. काल पिल्लं होती त्या वाटीत आज काहीच नव्हतं. रिकामी.

निशिगंधा
आईने हलवली. घरट्याला हात लागला, उजेड पडला की उंदरीण एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते. लांब नेत नाही. त्याच माळ्यावर ऊबदार आणि अंधारी जागा शोधा, गोणपाट, जुने कपडे, ट्रंकेची मागची बाजू.

मुक्ता_सानपाडा
खात्री करून घ्या की सगळे उंदीरच आहेत. आमच्याकडे रात्री चिवचिव आवाज यायचा आणि उग्र वास. मी दोन महिने उंदीर समजून पिंजऱ्यात खोबरं लावत होते. निघाली चिचुंद्री. लांब टोकदार नाक, बारीक डोळे. ती उंदराच्या जातीची नाहीच, झुरळं आणि किडे खाते. बाथरूमच्या जाळीतून येत होती, जाळी बदलली, संपलं.

ऐरोली_सेक्टर_आठ
इमारत पाडण्याच्या मुद्द्यावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जुनी इमारत पाडली की तिच्या पायातले, गटारातले, डक्टमधले उंदीर रातोरात आजूबाजूला पांगतात. आमच्या शेजारच्या सोसायटीचं काम सुरू झालं तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात आमच्या सात गाड्यांच्या वायरी कुरतडल्या गेल्या. पाडण्याआधी तिथे उंदीर नियंत्रण करून घ्या म्हणून आम्ही विकासकाला दोन पत्रं दिली, उत्तर नाही. मग आम्हीच तळमजल्यावरच्या सगळ्या गटारांना जाळ्या बसवल्या, कचऱ्याचे डबे झाकणाचे केले आणि रात्री ओला कचरा दाराबाहेर ठेवायचा नाही असा ठराव केला. ठरावावरून भांडणं झाली, पण वर्षभरात फरक पडला. एकट्या घराने हे होत नाही. खारकरआळीकर, आळीतल्या चार घरांशी बोला, त्यांच्याकडेही आलेले असणार.

दाणाबंदर
वाशीच्या एपीएमसीत आमचा धान्याचा गाळा आहे. धान्य आणि उंदीर यांची गाठ जन्माची. आमच्याकडचा नियम असा: पोतं कधी जमिनीवर नाही आणि कधी भिंतीला लागून नाही. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून दीड-दोन फूट मोकळं. उंदीर मोकळ्यावरून धावत नाही, भिंतीला अंग घासत जातो. भिंतीलगत सामान रचलं की त्याला आयता बोगदा मिळतो. पोटमाळ्यावरही हेच करा. ट्रंका मधोमध, कडा मोकळ्या.

पिंजराही भिंतीलगत, तोंड भिंतीच्या रेषेत. आत काय लावावं? चीज-बीज राहू द्या. कांदाभजी किंवा भाजलेलं सुकं खोबरं. पहिल्या दोन रात्री दार उघडं बांधून ठेवा, खाऊ द्या, तिसऱ्या रात्री चाप लावा. मोठा उंदीर नव्या वस्तूला चार-चार दिवस शिवत नाही, लहान तेवढा संशयी नसतो. आमच्या गाळ्यात दोन मांजरी आहेत. त्या नसत्या तर गाळा चालला नसता.

टिटवी
आवाजाची यंत्रं मिळतात ना, प्लगला लावायची? ती चालतात का?

गवंडीकाम
गिऱ्हाइकांकडे बरीच पाहिली. पहिले काही दिवस उंदीर बिचकतात, मग सरावतात. एका घरात यंत्राच्या मागेच लेंड्या होत्या.

स्टेथोस्कोप
डांबरगोळ्यांचंही कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो. त्यांनी उंदीर जात नाहीत. लहान मुलांच्या कपड्या-अंथरुणात त्या ठेवूही नका, काही बाळांना रक्तातल्या जन्मजात दोषामुळे त्यांच्या वाफेनेही कावीळ होते.

येऊरची_वाट
मी वर्तकनगरच्या वरच्या अंगाला राहतो, मागे येऊरचा डोंगर. आमच्याकडे उंदीर वाढले की त्यांच्या मागे धामण येते. सहा-सात फूट लांब, अंगात पाणी असल्यासारखी पळते. लोक नाग समजून काठ्या घेऊन धावतात. धामण बिनविषारी आहे, उंदीर हेच तिचं मुख्य अन्न. गेल्या पावसाळ्यात एका घराच्या माळ्यावरच सापडली, आम्ही वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. विष घातलेला अर्धमेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर तेही मरतात, म्हणून आमच्या गल्लीत विष बंदच केलंय.

एक विनंती. पिंजऱ्यात सापडलेले उंदीर आणून येऊरमध्ये सोडू नका. रविवारी सकाळी गाडीतून पिंजरे घेऊन येणारी माणसं मी पाहिली आहेत. घरातले उंदीर जंगलातले नसतात. ते सरळ पायथ्याच्या पाड्यांमधल्या घरांत शिरतात.

सुगरण_नेरूळ
मग सोडायचे कुठे? मारायला हात होत नाही माझा.

येऊरची_वाट
ते मला विचारू नका ताई. तुमच्या घरचा त्रास दुसऱ्याच्या दारात नको एवढंच म्हणणं आहे.

घणसोलीचा_दादूस
पटलं. आमच्या समोरच्या बिल्डिंगमधले काका रोज सकाळी पिंजरा आमच्या गेटजवळ रिकामा करायचे.

निशिगंधा
सुगरणताई, खरं सांगते. घरातला उंदीर अनोळखी जागी सोडला तर बहुतेक वेळा जगत नाही. त्याला बीळ माहीत नसतं, अन्न माहीत नसतं, कावळा-मांजर गाठतं. तरी सोडायचाच असेल तर वस्तीपासून पुष्कळ लांब, आडोसा आणि गवत असेल अशा पडीक जागी, संध्याकाळी. पिल्लांसकट आई सापडली तर त्यांची ताटातूट करू नका. घाबरलेली आई कधी कधी पिल्लांना मारते, तेही मनाची तयारी म्हणून सांगून ठेवते.

खारकरआळीकर
नऊ दिवसांनी लिहितोय. उशीर झाला, पण हात रिकामा नव्हता.

दहा वाटा बुजवल्या. गवंडीकाम यांनी सांगितलं तसंच, घासणी आणि सिमेंट, वळचणीला जाळी. कौलं सरळ करायला आळीतलेच एक जुने कारागीर आले. आढ्यापाशी एक वाट सोडली, तिथे दोन पिंजरे. दोन रात्री भजी नुसती खाऊ घातली, आईने मुद्दाम ताजी तळली. तिसऱ्या रात्री तीन, चौथ्या रात्री दोन, मग एक दिवस काही नाही.

सहाव्या रात्री पिल्लांची आई मिळाली. आईच होती हे कळलं, कारण पोटाखालचे केस झडून स्तन उघडे दिसत होते. मग सगळा माळा उलथापालथा केला. पिल्लं समया गुंडाळलेल्या गोणपाटात सापडली. सहाची पाच राहिली होती, अंगावर राखी लव आलेली, डोळे अजून मिटलेले. हातमोजे घालून गोणपाटाचा तुकडा घरट्यासकट कापला आणि पिंजऱ्यात सरकवला. ती कोपऱ्यात थरथरत होती. मी दिवा विझवून शिडीवर बसून राहिलो. वीस-पंचवीस मिनिटांनी टॉर्च बोटांआड धरून बघितलं तर ती त्यांच्यावर पसरून बसली होती.

संध्याकाळी कोलशेतच्या खाडीच्या बाजूला, वस्तीपासून लांब, गवतात पडलेल्या पाइपच्या तुकड्यात घरटं ठेवलं आणि पिंजरा उघडला. पुढचं माहीत नाही. येऊरची_वाट, जंगलात नेलं नाही.

शेवटची वाटही त्याच दिवशी बंद केली. मग आईने एक सुचवलं, वाशांखाली आणि भिंतीच्या कडेने रांगोळीचा पातळ थर टाकायचा, पाऊल उमटलं की कळेल. पहिल्या सकाळी एका कोपऱ्यात पावलांची बारीक रांग आणि मधे शेपटीची रेघ. कुणीतरी आतच राहिलं होतं. ते परवा सापडलं. काल आणि आज रांगोळी जशी टाकली तशी.

आळीतल्या तीन घरांत हेच चालू आहे, ऐरोलीकर, तुमचा अंदाज खरा ठरला. सगळ्यांच्या सह्यांचं पत्र पालिकेला दिलंय, शेजारच्या प्लॉटवरच्या राडारोड्याचं.

गोधडी ब्लीचला टिकणार नव्हती. गरम पाण्यात साबणाने दोनदा धुतली, गच्चीत तीन उन्हं दिली. भोकावर ठिगळ कशाचं लावायचं यावर आईचं आणि बायकोचं बोलणं चालू आहे. बायकोने मुलीच्या पहिल्या झबल्याचं कापड काढून ठेवलंय.

सुगरण_नेरूळ
वाचून बरं वाटलं. ठिगळाला झबल्याचंच कापड घ्या.

तलावपाळी
रांगोळीची युक्ती मी कधी ऐकली नव्हती. आईंना नमस्कार सांगा.

फेजन्यूट्रल
धागा आज वाचला. मी वायरमन आहे, सगळ्यांनी भोकं बघितली पण वायरिंगचं कुणी लिहिलं नाही. पोटमाळ्यावरून जाणारी प्रत्येक वायर मेन स्विच बंद करून तपासा. कुरतडलेली वायर लगेच काही दाखवत नाही, पावसाळी दमट हवेत आणि जास्त भार आला की ठिणगी पडते, आणि तुमच्याकडे वर कोरडं लाकूड आहे. जुन्या घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) बसलेला नसेल तर गणपतीआधी बसवून घ्या, हजारांत एखादं घर वाचतं असं नाही, माझ्याच कामात दोन वाचली. आणि मखराच्या रोषणाईच्या माळा त्याच माळ्यावर होत्या का? तशाच प्लगमध्ये घालू नका. आधी पूर्ण माळ बोटांतून फिरवून बघा.

खारकरआळीकर
आत्ताच बघितली. तीन माळांपैकी एक दोन ठिकाणी सोललेली आहे, तांबं उघडं. दुसरीची पिन चावलेली. दोन्ही टाकून दिल्या. उद्या सकाळी वायरमन येतोय, तो गेल्यावरच मखर खाली उतरवतो.